पंधरा वर्षांपुढची गाडी आणि घरचा पाना

पंधरा वर्षे ओलांडलेल्या गाडीत सगळ्यांत आधी थकते ते रबर. इंजिनाचे लोखंड बराच काळ तग धरते. वेळेवर तेल मिळत राहिले तर पिस्टन, क्रँक आणि गिअर सहसा लवकर कुरकुरत नाहीत. रेडिएटरचे पाइप, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकच्या सिलिंडरांतले रबरी कप, फॅन बेल्ट, टायरच्या बाजू आणि दारांचे बीडिंग मात्र वयाने निकामी होतात, गाडी कमी चालली असली तरीही. रबरानंतरचा दुसरा शत्रू पाणी. रेडिएटरमध्ये क्षार सोडणारे, ब्रेक ऑइलने हवेतून शोषलेले, पत्र्याच्या घडीत महिनोन्‌महिने साचून राहिलेले. तिसरी दुखरी जागा विजेच्या जोडण्यांची, त्यातही बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरची. जुन्या गाडीची घरची देखभाल म्हणजे बहुतांशी या तीन गोष्टींवर ठेवलेली नजर. त्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या तिन्हींची परीक्षा एकाच वेळी होते. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून दूर पूर्वेला माण, आटपाडी, जत भागांत तो 500 मिलिमीटरच्या आसपास येतो आणि उन्हाळाभर रस्त्यावर फुफाटा उडतो. मधल्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात ऊस, काळी माती आणि पूर. त्यामुळे पश्चिमेकडच्या पाटणच्या गाडीचा पत्रा आधी जातो, जतच्या गाडीचा रेडिएटर आणि एअर फिल्टर, तर सांगलीच्या गाडीचे वायरिंग. गाडी कुठल्या भागात उभी राहते आणि कुठल्या घाटाने जाते, हे पाहूनच देखभालीचा क्रम ठरवावा.

घरोघरी टिकून असलेल्या जुन्या गाड्या मोजक्याच जातींच्या आहेत. 1983 ते 2014 या काळात बनलेली मारुती 800, तिच्या मागोमाग आलेल्या अल्टो आणि वॅगन आर, ओम्नी, टाटा इंडिका. वाड्या-वस्त्यांवर बोलेरो आणि सुमो. या गाड्यांचे सुटे भाग कराड, सांगली, मिरजेत सहज मिळतात, आणि जे मिळत नाहीत ते दुरुस्त करून देणारे हातही या भागात आहेत. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिने घडली, पुढे महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार झाली. यंत्राशी असलेली ही जवळीक आजही लेथच्या दुकानांत आणि औद्योगिक वसाहतींत दिसते. रेडिएटरची जाळी बदलणे, सेल्फ-डायनामो भरून घेणे, क्लच प्लेटला नवे लायनर लावणे ही कामे इथे अजून होतात आणि ती नव्या भागाच्या किमतीहून स्वस्त पडतात.

घरी कोणती कामे करावीत आणि कोणती मेस्त्रीवर सोडावीत, याची रेघ आधी आखून घ्यावी. तेल, फिल्टर, कूलंट, प्लग, बॅटरी, बल्ब, फ्यूज, वायपर, टायर आणि गंजाची सुरुवात ही कामे घरची. ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, टायमिंग बेल्ट, क्लच आणि पेट्रोल टाकीजवळचे वेल्डिंग ही कामे घरची नव्हेत. यांतही पाहणी मात्र मालकाचीच, कारण मेस्त्रीकडे गाडी वर्षातून दोनदा जाते आणि मालकाच्या नजरेसमोर ती रोज असते.

हत्यारे फार लागत नाहीत. 10, 12, 14, 17 आणि 19 नंबरचे रिंग व डी पाने, प्लग पाना, चाकाचा लांब दांड्याचा पाना, पक्कड, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, हवेचा गेज, साधा मल्टिमीटर, टॉर्च. गाडीसोबत आलेली पुस्तिका हरवली असेल तर ती आधी मिळवावी. तेलाचा ग्रेड, प्लगचा नंबर, टायरमधली हवा हे आकडे ऐकीव माहितीवर ठरवू नयेत. आणि एक नियम कधीही मोडू नये: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. खाली काम करायचे तर गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि काढलेले चाक बॉडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. विटांचा थर स्टँडची जागा घेऊ शकत नाही. भाजलेली वीट कोणतीही सूचना न देता फुटते.

मोठ्या पाहणीसाठी वर्षातले दोन दिवस धरून ठेवले की विसर पडत नाही. एक मृग लागण्याआधीचा, म्हणजे मेअखेर, दुसरा खंडेनवमीचा. खंडेनवमीला हत्यारांची आणि वाहनांची पूजा होतेच. गाडी धुऊन हार घालण्याआधी बोनेट उघडून तासभर दिला तर पावसाळ्याने केलेले नुकसान त्याच दिवशी कळते. मेअखेरच्या पाहणीत वायपर, टायर, ब्रेक, दिवे आणि गंज यांवर भर असावा. खंडेनवमीच्या पाहणीत एअर फिल्टर, वायरिंग, गाडीच्या पोटाखालचा चिखल आणि थंडीत दगा देणारी बॅटरी यांवर.

तेलापासून सुरुवात करावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे झुकलेले हवे. काळे तेल म्हणजे बिघाड नव्हे. काजळी स्वतःत घेणे हे तेलाचे कामच आहे. दुधी किंवा चहाच्या रंगाचे तेल म्हणजे आत पाणी, आणि अशी गाडी चालू करू नये. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर जुन्या मारुतीच्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्याची शक्यता धरावी. जुन्या इंजिनाचे तेल 5,000 किलोमीटरला किंवा वर्षाला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. बदलताना इंजिन कोमट असावे. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला तेलाचे बोट लावून तो हातानेच बसवावा, कडी टेकल्यावर पाऊण फेरा पुरतो. जुनी कडी इंजिनाला चिकटून तर राहिली नाही ना, हे पाहावे. दोन कड्या एकावर एक बसल्या तर काही मिनिटांत सगळे तेल रस्त्यावर येते. निघालेले तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यावे. ते ओढ्यात, विहिरीच्या काठी किंवा उसाच्या पाटात ओतले तर पाणी आणि माती दोन्ही नासतात.

गाडी गरम होण्याची तक्रार इथे सर्रास आढळते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यात असते. पूर्वेकडच्या तालुक्यांतले बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत थर धरतात. असे चार-दोन उन्हाळे गेले की रेडिएटर बाहेरून ठीक दिसतो आणि आतून अर्धा बुजलेला असतो. रेडिएटरमध्ये बॅटरीला घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, किंवा तयार मिसळलेले कूलंट वापरावे आणि साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतला गंज रोखते.

पाइपांची तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना दाबून करावी. चांगला पाइप घट्ट आणि लवचीक लागतो. क्लिपजवळ फुगलेला, बोटाला काळे लावणारा, मऊ पडलेला किंवा दाबताच कडकड वाजणारा पाइप तसाच ठेवू नये. वरचा पाइप गेला असेल तर खालचाही त्याच वयाचा आहे, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आणि रबर ही स्वस्तातली पण कळीची वस्तू: हे झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणूनच पाणी 100 अंशांपुढे गेले तरी उकळत नाही. याच कारणाने तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले की वाफ आणि पाणी अंगावर उसळते. अर्धा तास थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये.

काही गॅरेजांत गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हा उपाय चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसले की इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त जाते, तेलात ओलावा राहतो आणि सिलिंडर लवकर झिजतो. खरे दुखणे मात्र रेडिएटरमध्ये तसेच राहते. थर्मोस्टॅट अडकले असेल तर नवे बसवावे. फॅन वेळेवर सुरू होतो का, रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा, किडे किंवा चिखल भरला आहे का, हे त्याआधी पाहावे. जाळी धुताना पाण्याची धार हलकी असावी आणि ती इंजिनाच्या बाजूने बाहेर सोडावी. खंबाटकीच्या जुन्या चढावर किंवा यवतेश्वरच्या वळणांवर काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. आतल्यांना त्रास होतो, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनाची बरीच उष्णता तो काढून नेतो. काटा तरीही उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन थांबावे.

इंधनाचा प्रश्न जुन्या गाड्यांसाठी आता नव्याने उभा राहिला आहे, आणि त्याचा उगम याच दोन जिल्ह्यांच्या शिवारात आहे. इथल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते. 20 टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट आधी 2030 साठी होते, ते अलीकडे ओढून 2025-26 करण्यात आले आणि 2025 मध्ये देशभरच्या पंपांवर हेच पेट्रोल आले. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग त्याला साजेसे असतात. त्याआधीच्या गाड्यांपैकी काहींमध्ये 20,000 ते 30,000 किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले. ऊस पिकवणाऱ्या घराला या इंधनाचा आनंद असणे साहजिक आहे. त्याच घरच्या 2005 सालच्या गाडीची नळी मात्र बदलायलाच हवी.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि ठिसूळ करते. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी उजेडात वाकवून पाहावी. वाकवल्यावर केसासारख्या चिरा दिसल्या तर ती बदलावी. नवी नळी घेताना तिच्यावर ‘एस.ए.ई. जे30 आर9’ हा शिक्का पाहून घ्यावा. नुसती ‘पेट्रोलची नळी’ म्हणून मिळणारी काळी नळी घेऊ नये. इथेनॉल टाकीच्या तळचा जुना गाळही सोडवते, म्हणून पेट्रोल फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा. चढावर गाडी झटके देते आणि सपाटीवर बरी चालते, हे फिल्टर तुंबल्याचे ठरलेले लक्षण. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडे उतरणारच; त्यासाठी कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा खोलू नये. इथेनॉल पाणीही ओढते. पावसाळ्यात दोन महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीने ठेवली तर टाकीतल्या हवेतला ओलावा पेट्रोलमध्ये उतरतो आणि पाणी जास्त झाले की इथेनॉलसह खाली वेगळे बसते. अशी गाडी टाकी भरून ठेवावी आणि पंधरवड्याला अर्धा तास तरी चालवावी. डिझेल गाडीच्या फिल्टरखाली पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो महिन्यातून एकदा सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढावे.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात: जत, आटपाडी, माण, खटाव भागांत तो पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यालाच बदलावा. हवेच्या दाबाने आतून बाहेर एकदा-दोनदा झटकता येतो. त्यापुढे कागदाची छिद्रे मोठी होतात आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

ब्रेकांचा विचार घाटाच्या हिशेबाने करावा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. चार माणसांसह साडेनऊशे किलोची मारुती या दोहोंमधला पसरणी घाट उतरते तेव्हा या 600 मीटर उंचीची सगळी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ती एकट्या ब्रेकांत जिरली तर तेवढ्या उष्णतेत सोळा-सतरा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता झेलण्यासाठी पुढच्या दोन लहान चकत्या आणि मागचे दोन ड्रम असतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेक सतत टेकवून न ठेवता थोडा वेळ ठाम दाबून सोडावा, आणि गाडी न्यूट्रल करून उतारावर कधीही सोडू नये. पेट्रोल वाचवण्याच्या या सवयीने मांढरदेव, आंबेनळी आणि कुंभार्लीच्या वळणांवर माणसांचा जीव धोक्यात येतो. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची ताकद दोन-तीन दाबांत संपते आणि चावी फिरून स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

घाटात ब्रेक जाण्यामागे पुष्कळदा जुने ब्रेक ऑइल असते. डॉट 3 दर्जाचे नवे तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल फरशीला टेकते. डॉट 4 मध्ये हे आकडे 230 आणि 155 आहेत. दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलून हवा काढून घेणे हे काम मेस्त्रीचे. घरी एवढे पाहावे: डबीतले तेल मधासारखे फिके आहे की काळपट, पातळी हळूहळू उतरते आहे, म्हणजे पॅड झिजताहेत, की अचानक उतरली, म्हणजे गळती आहे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारावा. टायरची आतली भिंत ओली-चिकट दिसली तर व्हील सिलिंडरचे रबर गेले आहे आणि ती गाडी दुरुस्तीपर्यंत रस्त्यावर नेऊ नये. पेडल स्पंजासारखे लागणे, गाडी एका बाजूला ओढणे, ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरणे, खर्रखर्र आवाज येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर घाट टाळावा. हँडब्रेक चढावर लावून तपासावा. पुलावरच्या पाण्यातून गाडी नेल्यावर पुढचे शंभर मीटर ब्रेक हलका दाबत जावे, म्हणजे ड्रम वाळतात.

टायर किती झिजला हे दिसते, त्याचे वय मात्र वाचावे लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा. कायद्याने नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी, पण कमी चाललेल्या जुन्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असतानाच बाजूंनी तडकतो. सहा-सात वर्षांनंतर प्रत्येक पावसाळ्यापूर्वी तज्ज्ञाला दाखवावा. पंधरवड्याला चाके थंड असताना हवा पाहावी आणि स्टेपनी विसरू नये. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करावेत आणि बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

विजेच्या तक्रारींत मेस्त्रीकडे जाण्याआधी मल्टिमीटरने दोन आकडे पाहून ठेवावेत. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी; इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. पहिला आकडा कमी आणि दुसरा ठीक असेल तर बॅटरी थकली आहे किंवा उभ्या गाडीत कुठेतरी वीज खर्च होते आहे. दुसराच कमी असेल तर डायनामो किंवा बेल्ट. दोन्ही ठीक असून सेल्फ मंद फिरतो, हॉर्न लावला की दिवे मिणमिणतात, तर दोष जोडण्यांत किंवा अर्थिंगमध्ये असतो. बॅटरीची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने लागते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करावा, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी. वायर काढताना उणे टोक आधी, लावताना ते शेवटी. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे वायरिंगला आग लागण्याची सोय करणे. दहा रुपयांचे चार जादा फ्यूज गाडीत ठेवावेत.

उसाच्या पट्ट्यात वायरिंगचा आणखी एक शत्रू आहे. तोडणी सुरू झाली की फडातले उंदीर घरांकडे वळतात आणि रात्री गरम बोनेटखाली बसतात. ते प्लगच्या वायरी कुरतडतात, कधी पेट्रोलची नळीही. सकाळी पेट्रोलचा वास आला तर चावी न फिरवता बोनेट उघडून पाहावे. फवारे आणि गोळ्या यांचा भरवसा धरू नये. गाडीत धान्याचे पोते, भेळेचे कागद, शेंगांची टरफले राहू न देणे, रात्री बोनेट थोडे उघडे ठेवून बाजूला दिवा लावणे आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांना बारीक जाळी बसवणे हे उपाय अधिक चालतात.

पश्चिम भागातल्या गाड्यांसाठी गंज हा स्वतंत्र विषय आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. माती भरून ती बुजली की दार आतून सडते. मेअखेर प्रत्येक छिद्रातून काडी फिरवावी. पायपुसणी आणि गालिचा उचलून खालचा पत्रा हाताने चाचपावा; ओलसर असेल तर पाणी कुठून येते ते आधी शोधावे. बॅटरीचा ट्रे, चाकांच्या कमानी, जॅक लावण्याची जागा आणि शॉकॅब्सॉर्बर वर जिथे बॉडीला बसतो ती जागा टोकदार हत्याराने हलके टोचून पाहावी. वरवरचा गंज घासून, रेड ऑक्साइड लावून, वाळल्यावर रंग दिला की थांबतो. टोचल्यावर हत्यार आत गेले तर ते वेल्डिंगचे काम. गंजावर थेट काळे अंडरकोटिंग मारू नये. त्याखाली ओलावा कोंडला जातो आणि पत्रा आणखी वेगाने गंजतो.

कृष्णाकाठच्या गाडीला पुराचे भय असतेच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले, आणि 2005 व 2021 मध्येही शहरात पाणी शिरले. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी येताच गाडी उंचावर नेणे हाच खरा उपाय. ते जमले नाही तर निदान बॅटरीची उणे वायर काढून ठेवावी.

पाणी ओसरल्यावर मन आवरावे आणि चावीला हात लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येऊन पाण्याला धडकतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. तोपर्यंत वाचलेले इंजिन त्या एका क्षणात जाते. गाडीचा सर्वंकष विमा असेल तर आधी फोटो काढून कंपनीला कळवावे. पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांना बहुधा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, त्यात तर काहीच मिळत नाही.

मग चिखलाची रेघ पाहावी. पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच आले असेल तर ड्रम उघडून गाळ धुणे, बेअरिंगचे ग्रीस आणि गिअर ऑइल तपासणे पुरते. सीटपर्यंत आले असेल तर डिपस्टिक आणि एअर फिल्टर पाहावे. तेल वाढलेले किंवा दुधी असेल, फिल्टर ओला असेल, तर पाणी आत गेले आहे. कार्ब्युरेटरच्या किंवा जुन्या साध्या पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढून, प्रत्येक भोकात थोडे तेल सोडून, इंजिन पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवावे; आतले पाणी भोकांतून बाहेर पडते. ते पूर्ण थांबल्यावर तेल आणि फिल्टर बदलावा, टाकी आणि नळ्या रिकाम्या करून नवे पेट्रोल घालावे, मगच इंजिन सुरू करावे. दहा मिनिटे चालवून तेल पुन्हा एकदा बदलावे, कारण पहिल्या तेलाने उरलेले पाणी उचललेले असते. गिअर बॉक्समध्ये आणि बोलेरोच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये श्वासनळीतून पाणी जाते, म्हणून ती दोन्ही तेले बदलावीतच. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनावर हा प्रयोग घरी करू नये. सीट आणि गालिचे बाहेर काढून गाळ सुकण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावेत, गालिचाखालचा फोम टाकून द्यावा. वायरिंगचे कनेक्टर एकेक सोडवून, धुऊन, वाळवून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बसवावेत. पुरानंतर महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होणाऱ्या विजेच्या तक्रारी याच कनेक्टरांतल्या हिरव्या थरातून येतात. पाणी डॅशबोर्डवर गेलेल्या जुन्या गाडीवर खर्च करण्याआधी तिच्या किमतीचा हिशेब थंड डोक्याने मांडावा.

शेवटी कागदपत्रे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत नमुना 25 भरून अर्ज करावा, सातारा (एमएच 11), कराड (एमएच 50) किंवा सांगली (एमएच 10) कार्यालयाकडे. एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये आहे. 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते दुप्पट झाले. यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरासाठी ठरवलेली 10 आणि 15 वर्षांची मर्यादा या जिल्ह्यांना लागू नाही. पंधरा वर्षे झाली म्हणून धडधाकट गाडी भंगारात घालण्याचे कारण नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे. पीयूसी आणि विमा चालू असावा.

तपासणीला जाण्याआधी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, सीट बेल्ट आणि हँडब्रेक घरीच पाहून घ्यावेत. चासी नंबरकडे विशेष लक्ष द्यावे. बऱ्याच मारुतींमध्ये तो बोनेटखाली मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, बोलेरोसारख्या गाडीत चासीच्या लांब पट्टीवर. तो वाचता आला नाही तर काम अडते. त्यावरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसावा, टूथब्रशने हलके घासावे आणि वर तेलाचा हात फिरवावा. तिथे ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा रंग लावू नये. आकड्यांची कड पुसट झाली की खाडाखोडीचा संशय येतो आणि चांगल्या गाडीचे नूतनीकरण महिनोन्‌महिने लटकते.